अप्पांची मिठाची फळी

मीठ विकणारा माणूसच लोकांच्या घरातलं मीठ काढून नेतो, हे मी आयुष्यात एकाच गावात पाहिलं. अणदूरपासून तीन-चार कोसांवरचं ते गाव. निजामाचं राज्य होतं आणि मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. शाळा उर्दू, पोरं मराठी आणि निम्म्या घरांत बोलणं कानडी. त्यामुळे वर्गात कुणाला काय कळत होतं ते एक परमेश्वर जाणे. राहायला जागा मिळाली ती एका लिंगायत वाण्याच्या घरात, दुकानामागच्या दोन खोल्यांत. या घरमालकांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्याविषयी हसून सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण शेवटी ते सगळं माझ्याच अंगावर येतं, म्हणून आजवर लिहायचं टाळत आलो.

अप्पा माणसाच्या तोंडाकडे कधी बघायचेच नाहीत. त्यांची नजर आधी पायांवर जायची. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीशी आलं की यांचं लक्ष त्याच्या घोट्यावर. जरा संशय आला की गल्ल्यावरून उठायचे, खाली वाकायचे, नडगीवर अंगठा दाबायचे आणि काढून बघत बसायचे. खड्डा लगेच भरला तर "जावा, काय न्हाय" म्हणून गूळ तोलायला लागायचे. खड्डा तसाच राहिला तर मान हलवून एकच वाक्य: "उप्पु बेड." कानडीत उप्पु म्हणजे मीठ आणि बेड म्हणजे नको. गावातल्या कानडी न येणाऱ्या माणसालाही एवढे दोन शब्द पाठ होते.

एकदा तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले होते. शेरवानी, तुर्की टोपी, मागे चपराशी. चावडीपुढे गावातले चार प्रतिष्ठित लोक हात जोडून उभे, त्यात अप्पाही. साहेब समोरून जाताना अप्पा एकदम वाकले. लोकांना वाटलं, वाण्यानं पाय धरले, काहीतरी अर्जी असणार. साहेबही जरा खूश होऊन थांबले. अप्पांनी अंगठा दाबला, उचलला, खड्ड्याकडे टक लावून पाहिलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या दखनीत म्हणाले, "साब, नमक बंद करो. चालीस दिन." पाटलांच्या कपाळाला घाम फुटला. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "लालाजी, हमारे यहाँ तो चाय छोड़ना भी मुश्किल है." आणि पुढे गेले. अप्पा मात्र दिवसभर हळहळत होते. "मोठा मानूस हाय, पर ऐकंना. मुताचं काम बिघडलंय त्याचं," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

त्यांचं औषध एकच. घेटुळीचं मूळ. घेटुळी कुणाला ठाऊक नाही? बारीक गुलाबी फुलांची, जमिनीला चिकटून पसरणारी वेल. बांधावर, उकिरड्याशेजारी, आमच्या शाळेच्या भिंतीखाली, कुठंही उगवते. शेळ्या खातात, गरिबाघरी पाल्याची भाजी होते. वैद्य मंडळी तिला पुनर्नवा म्हणतात, कारण उन्हाळ्यात ती वाळून नाहीशी होते आणि पावसाळ्यात त्याच मुळातून पुन्हा फुटते. अप्पा ते मूळ सुंठीबरोबर उकळून सुजेवर द्यायचे. मधात उगाळून डोळ्यांत घालायचे, काविळीवरही द्यायचे, पण खरा हातखंडा सुजेवरचा. नळदुर्गापासून माणसं यायची.

पण ते मूळ काढण्याची त्यांची तऱ्हा बघून कुणीही त्यांना वेड्यात काढलं असतं. आदल्या दिवशी संध्याकाळी ते वेल हेरून ठेवायचे. तिच्यापुढे उकिडवे बसायचे, चार ज्वारीचे दाणे आणि चिमूटभर हळद टाकून तिला रीतसर औतण द्यायचे. "उंद्या सकाळी न्यायला येतो. कुंभाराच्या म्हातारीच्या घरी काम हाय. पाय सुजल्यात, धाप लागती. तयार ऱ्हा." लग्नाला बोलवावं तसं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, कुणाशी न बोलता जायचे आणि लाकडी खुंटीनं उकरायचे. लोखंड लावायचं नाही. आमच्याकडचा मुरूम म्हणजे खडकाचाच भाऊ. एकेका मुळाला तासभर लागायचा. पाटलांनी एकदा दया येऊन पहार पाठवून दिली, तर अप्पा आठवडाभर पाटलांशी बोलले नाहीत. मूळ कधी पुरतं काढायचे नाहीत, निम्मं जमिनीत ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "औतण दिलं म्हून घरातली समदी मानसं एकदम बोलावत्यात व्हय मास्तर? कुनीतरी घर राखाया लागतंय की."

औषध चालू झालं की अप्पा स्वतः रोग्याच्या घरी जायचे आणि मिठाचं भांडं उचलून आणायचे. नुसतं नको म्हणून भागत नाही, असं त्यांचं मत. रोगी एकटाच मीठ सोडत नाही, घरच सोडतं, असा त्यांचा नियम होता. दुकानात आतल्या भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर ही भांडी ओळीनं मांडलेली असायची. कुणाचं मातीचं गाडगं, कुणाची लाकडी पेटी, पाटलांच्या घरची चिनीमातीची बरणी. तोंडाला फडकं बांधून वर गाठ मारलेली. चिठ्ठी नाही की खूण नाही, पण कुठलं भांडं कुणाचं हे ते झोपेतसुद्धा सांगतील. फळी भरली की गाव म्हणायचं, यंदा पाणी वाईट दिसतंय. आणि गंमत म्हणजे त्याच फळीच्या समोर, दुकानाच्या बाहेर ओट्यावर, मिठाचं पोतं उघडं ठेवलेलं असायचं. मीठ कुणी चोरत नाही, म्हणून त्या काळी सगळेच वाणी मीठ बाहेर ठेवायचे. टवाळ पोरं म्हणायची, अप्पा पुढच्या दारानं विकतात आणि मागच्या दारानं काढून नेतात. अप्पांना याचा राग यायचा नाही. एखादी बाई जरा जास्त मीठ मागायला आली की तेच विचारायचे, "लोनचं घालायलीस का दाल्ल्याला खारवायलीस?"

चाळीस दिवस झाले आणि सूज उतरली की रोग्यानं स्वतः चालत यायचं. अप्पा फळीवरचं भांडं काढायचे, गाठ सोडायचे, भाकरीचा तुकडा घेऊन त्यावर चिमूटभर मीठ टाकायचे आणि आपल्या हातानं त्याच्या तोंडात घालायचे. पैसा घ्यायचे नाहीत. मी एक आडदांड गाडीवान तो घास खाताना ढसाढसा रडलेला पाहिला आहे. इतक्या दिवसांनी मीठ लागलं की ते डोळ्यांतूनच येतं, असं अप्पा म्हणायचे.

माझ्याबरोबर माझी अक्का होती. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते अक्कानं. ती बालविधवा. जे जे सोडायचं ते तिनं चौदाव्या वर्षीच सोडलेलं. तिची एकच हौस उरली होती, तिखट-मीठ झणझणीत खाण्याची. भाकरी, ठेचा आणि वर मिठाचे दोन खडे, एवढं मिळालं की तिला राजवाडा मिळाल्यासारखं व्हायचं.

एके सकाळी तिचा चेहरा फुगलेला दिसला. मग पाय. सरकारी दवाखान्यातल्या लाल मिक्श्चरच्या दोन बाटल्या झाल्या, फरक नाही. मी अप्पांना सांगण्याआधी त्यांनीच तिच्या पायांकडे पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी शाळेच्या भिंतीखाली उकिडवे बसलेले मला दिसले. वेलीला सांगत होते, "आपल्याच घरात काम हाय बग. मास्तरच्या अक्काचं. लांब जायाचं न्हाय." दुसऱ्या दिवशी कान तुटलेली आमची तपकिरी बरणी फळीवर जाऊन बसली.

बारा दिवसांत अक्काचे घोटे दिसायला लागले. रात्रीची धाप थांबली. मी अप्पांचे पाय धरायचा बाकी होतो. पण अक्काचं जेवण तुटलं. अळणी भाकरी तिच्या घशाखाली उतरेना. दोन घास खायची आणि ताट सारायची. "बाळा, एक चिमूट," ती म्हणायची, "गिळत न्हाय, निस्ती जिभंला लावते." मी दहा दिवस नाही म्हटलं. मग ती मागायचीच थांबली आणि खायचीही थांबली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जिनं सगळं आयुष्य सोडण्यात घालवलं तिच्या तोंडचं मीठही काढून घ्यायचं, हे मला बघवेना.

आणि इथं माझं शिक्षण आडवं आलं. मी विचार केला, औषध आहे ते मुळात. आयुर्वेदात पुनर्नवा सांगितलीच आहे. बाकी हे लाकडी खुंटी, हळद, ज्वारीचे दाणे, वेलीला औतण, मुकाट्यानं जाणं हे अप्पांचं खूळ. मिठाचंही मी त्याच गाठोड्यात बांधून टाकलं. चार बुकं शिकलेला माणूस होतो मी. खरं कुठलं आणि खूळ कुठलं हे मला कळतं, अशी माझी समजूत होती. मला कळलं होतं ते बरोबर उलटं.

दुपारी जेवणाआधी अप्पा लिंगपूजेला आत बसायचे. त्या वेळी ओट्यावर कुणी नसायचं. मी पोत्यात हात घातला, मूठभर मीठ घेतलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. कुणाकडे मागितलं असतं तर गावभर झालं असतं. ज्यानं अक्काचं मीठ बंद केलं त्याच्याच पोत्यातलं मीठ मी तिच्या भाकरीवर टाकलं. "एवढ्याशानं काय होतंय, अक्का," असं वर म्हणालोही. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं आख्खी भाकरी खाल्ली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

एका चिमटीच्या दोन झाल्या, आणि मूठ संपली की मी दुसरी आणू लागलो. सूज परत आली.

अप्पांची जी तारांबळ उडाली ती आठवली की आजही बसल्या जागी कसंतरी होतं. त्यांनी आधी वेल बदलली. शाळेच्या भिंतीची नको, तिथं पोरं लघवीला बसतात. मग ओढ्याकाठची आणली. मग दोन कोस चालून डोंगराच्या उताराची. औतण देताना आपल्या तोंडून नाव चुकलं असेल म्हणून पुन्हा दिलं. जाताना वाटेत कुणीतरी राम राम घातला आणि आपण मान हलवली, तेही त्यांना आठवलं. शेवटी त्यांनी स्वतः मीठ सोडलं. अक्का बरी होईपर्यंत आपणही अळणी खायचं, म्हणजे मुळाला बळ येईल. त्यांच्या घरच्या, ज्यांना सगळे अव्वा म्हणत, त्या मला म्हणाल्या, "मास्तर, आमच्या घरातबी आता उप्पु बेड." मी हसलो. खिशात मीठ होतं आणि मी हसलो.

अक्काला सगळं कळत होतं. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलवत नव्हतं, तरी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अप्पास्नी सांग बाळा. त्येंच्या मुळाला बोल लागू नये." मी हो म्हणालो. बत्तिसाव्या दिवशी सकाळी ती गेली.

अक्काचे दिवस झाल्यावर अप्पा बरणी घेऊन आले. फडक्याची गाठ त्यांनी मारली होती तशीच होती. बरणी माझ्यापुढे ठेवून ते जमिनीवर बसले. तेरा दिवसांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. खाली बघत म्हणाले, "मास्तर, येकच इचारतो. राग मानू नगा. मीठ गेलं हुतं का पोटात? चुकून, कुठं परसादात, कुठं आमटीत? असंल तर सांगा. म्या काय म्हनत न्हाय. मला निस्तं कळाया पायजे."

शब्द अगदी ओठांवर होता. पण तो उच्चारला असता तर मी अक्काला मारलं हे कायमचं खरं झालं असतं. तेवढं ऐकायची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, "नाही अप्पा. एक कणसुद्धा नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संशयानं बघितलंसुद्धा नाही. "मग मूळच खोटं पडलं," असं स्वतःशी म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीतून मला दिसलं की अप्पा एक-एक भांडं घेऊन घरोघर चालले आहेत. कुंभाराचं गाडगं, पाटलांची बरणी, एका धनगराची लाकडी पेटी. चाळीस दिवस कुणाचेच झाले नव्हते. लोक दारात उभे राहून विचारत होते आणि अप्पा भांडं उंबऱ्यावर ठेवून पुढं जात होते. संध्याकाळी फळी रिकामी झाली. महिन्याभरात त्यांनी तिच्यावर साबणाच्या वड्या मांडल्या.

पुढे रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीकडची गावं उठली. अप्पांच्या घरच्यांबरोबर मीही निघून सोलापूरच्या बाजूला एका छावणीत राहिलो. तिथं मी अप्पांना अखेरचं पाहिलं. एक माणूस आपल्या बायकोला पाठीवर घेऊन त्यांना शोधत आला होता. तिचे पाय भोपळ्यासारखे झालेले. त्यानं अप्पांचं नाव कुणाकडून तरी ऐकलं होतं. छावणीच्या कुंपणाशी घेटुळी हाताच्या अंतरावर पसरली होती. अप्पांनी सवयीनं वाकून अंगठा दाबला, खड्डा बघितला. तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता म्हणतील, उप्पु बेड. ते म्हणाले, "दवाखान्यात न्या बाबा. माझ्या हाताला गुन न्हाय ऱ्हायला." तो माणूस त्यांच्या पायावर डोकं ठेवायला लागला. अप्पा मागं सरकत राहिले. मी चार पावलांवर उभा होतो. तिथं बोललो असतो तरी चाललं असतं. त्या बाईचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि विचारायला मी गेलोही नाही.

पोलीस अॅक्शन झाली, राज्य बदललं, माझी नोकरी धाराशिवला आली, लग्न झालं. दर सुट्टीत ठरवायचो की जाऊन सांगायचं. दर सुट्टीत काहीतरी निघायचं; निघालं नाही तर मी काढायचो. अशी सात-आठ वर्षं गेली. शेवटी एकदा मोटारीत बसलोच. वाटभर वाक्यं जुळवत होतो.

दुकान तसंच होतं. ओट्यावर मिठाचं पोतं उघडंच होतं. आत अव्वा सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं आणि अप्पा गेल्याचं सांगितलं. वर्ष होत आलं होतं.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"सूज," अव्वा म्हणाल्या. "आदी पाय, मग समदं अंग. म्या म्हनलं, आवो, परसात घेटुळी माजलीय. तुमी सांगा, म्या मूळ काढते. मीठ बंद करते. तर हसले. म्हनले, मास्तरच्या अक्कानं बत्तीस दीस मीठ शिवलं न्हाय. मास्तर खोटं बोलायचा मानूस न्हवं. तिला गुन आला न्हाय, मला कुठला येतोय? घाल आमटीत मीठ." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "शेवटपातुर खाल्लं बगा त्येनी मीठ. मागून मागून खाल्लं."

मी जुळवलेली वाक्यं कुठंच नव्हती. तरी मी सांगितलं. दुपारची लिंगपूजा, पोतं, कोटाचा खिसा, अक्कानं धरलेला हात, बरणी पुढे ठेवून अप्पांनी विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर. सगळं सांगून झालं तेव्हा अव्वांचा हात सुपात तसाच थांबलेला होता.  त्यांनी बाहेर पोत्याकडे बघितलं.

"हे त्येस्नी सांगायचं हुतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "मला सांगून आता काय?"

आणि त्या पुन्हा डाळ निवडू लागल्या.